इथेच घोडं पेंड खातं

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं वठवून खेळायच्या खेळाच्या २०२४च्या नियमपुस्तकाने पॅलाडिनचा, म्हणजे मंत्र जाणणाऱ्या धर्मयोद्ध्याचा, घोडा मारला, असं हल्ली जो तो म्हणतो. आरोप असा, की २०१४चा 'फाइंड स्टीड' हा घोडा बोलवायचा मंत्र जिवाभावाचा सोबती द्यायचा आणि नवा देतो नुसता आकड्यांचा तक्ता. ताकद गेली, रूप गेलं, अक्कल गेली.

ताकदीपासूनच सुरू करू, कारण घोडं पेंड खातं ते इथेच. जुन्या मंत्राने येणारा लढाऊ घोडा १९ हिट पॉइंटचा, म्हणजे तेवढा मार बसला की संपला. पॅलाडिन पाचव्या लेव्हलला असो की सतराव्या, घोडा आपला १९च. फायरबॉल या आगीच्या मंत्राचे आठ फासे सरासरी २८ भरतात; सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, हुकला की घोडा गायब. परत बोलवायला १० मिनिटं, म्हणजे त्या लढाईपुरता विषय संपला. आमच्या टेबलावरच्या एका पॅलाडिनने तर शेवटी घोडा गुहेबाहेरच बांधून ठेवायला सुरुवात केली. जिवाभावाचा सोबती म्हणे! नव्या मंत्रात दुसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने (मंत्र टाकताना खर्चायची शक्ती) २५ हिट पॉइंट मिळतात, चौथ्याने ४५, शिवाय उडताही येतं. आणि बोलवायला एक ॲक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली एक कृती, पुरते.

'रूप गेलं' म्हणणाऱ्याने मंत्र वाचलेलाच नाही. घोडा, उंट, एल्क, डायर वुल्फ, बसता येईल असा कुठलाही मोठा प्राणी मागा. आकडे पुस्तकाचे, कातडं तुमचं. नाहीसा झालेला प्राणी पुढच्या वेळी तोच बोलवायचा की दुसरा, हेही तुम्हीच ठरवायचं. एक मात्र कबूल, 'मोठा' ही अट नडते. मास्टिफ कुत्र्यावर बसून चिंचोळ्या बोळातून जाणारा बुटका हाफलिंग पॅलाडिन तिच्यापायी हरवला. मी आमच्याकडे मध्यम आकारही चालवून घेतो, काही बिघडत नाही.

अकलेचं म्हणाल, तर जुन्या घोड्याची बुद्धी किमान ६ असायची. पण स्वारीचे नियम सांगायचे की हुशार प्राणी आपल्या मर्जीने वागतो, आणि मंत्र म्हणायचा की दोघं एकजीव होऊन लढतात. मग लगाम कोणाच्या हाती? जितके डीएम (खेळ चालवणारे) तितकी उत्तरं. आता स्पष्ट लिहिलंय: वर बसलात की तो तुमच्या इनिशिएटिव्हवर (लढाईतल्या पाळीच्या क्रमावर), तुमच्या ताब्यात, तुम्ही बेशुद्ध पडलात तर स्वतःहून तुम्हाला वाचवायला धडपडतो. मला तरी अक्कल इथेच जास्त दिसते.

तक्रार करायचीच तर वेगळी आहे. पूर्वी घोड्यावर बसून फक्त स्वतःवर टाकलेला मंत्र घोड्यालाही लावता यायचा. आता दोघांना मिळतात ते फक्त उपचाराच्या मंत्राचे हिट पॉइंट. हे खरोखर काढून घेतलंय आणि याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मी ती ओळ आमच्या खेळात परत जोडली. 'शील्ड ऑफ फेथ' हा संरक्षक मंत्र एकदा टाका, दोघांच्या एसीत (वार चुकवणाऱ्या आकड्यात) २ची भर. अजून एकाही लढाईत त्याने पारडं झुकलेलं नाही.