पाटावरच्या पुलावर गाडी घालण्यापूर्वी

नीरा ते बारामती पट्ट्यात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी हे चार शब्द. नीरा डाव्या कालव्याला आम्ही पाट म्हणतो, आणि पाटावरच्या जुन्या दगडी पुलावरून एका वेळी एकच गाडी जाते. इंग्रजानं 1885 च्या सुमारास या दुष्काळी पट्ट्यात पाणी सोडलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं बैलगाडी असणार. आपण त्याच कमानीवर उसाच्या दोन ट्रॉल्या, शाळेची बस आणि कडेच्या फटीत एक बुलेट बसवून दाखवली.

तेव्हा पहिलं म्हणजे, पलीकडून गाडी पुलावर चढलेली दिसली रे दिसली, की आपली घाला. थांबलात तर मागचा हॉर्न मारेल, आणि चारचौघांत हॉर्न खाणं बरं दिसत नाही.

ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर लावू नका. गाणी लावा.

कठड्याचे दगड पाटात गेले असतील तर त्या जागी बाभळीची फांदी खोचा आणि वर लाल चिंधी बांधा. दुरुस्तीचा अर्ज करायचा असेल तर जरूर करा, वेळ छान जातो. रस्ता एका खात्याचा, पाट दुसऱ्याचा आणि पूल दोघांच्याही नकाशात शेजाऱ्याचा. आमची चिंधी दोनदा बदलून झाली.

आता मुख्य विद्या: पुलाच्या मधोमध समोरासमोर आल्यावर काय करावं. इंजिन बंद करावं, खाली उतरावं आणि तंबाखू मळावी. गेल्या गुरुवारी मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं बारामतीला घेऊन निघाले होते, दहाचा नंबर होता. मी अर्ध्या पुलावर असताना समोरून डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर वर आला. आता डबल ट्रॉली मागं जात नाही, हे मलाही कळतं. मागं मीच जायचं. पण माझ्या मागं तोवर सात मोटरसायकली आणि एक दुधाचा टेम्पो येऊन चिकटले होते. ‘मागं घ्या, मागं घ्या’ ओरडणारे अकरा जण, आणि मागं जायला वीतभर जागा देणारा एकही नाही! ट्रॅक्टरवाला माझाच जुना विद्यार्थी निघाला. म्हणतो, ‘बाई, रिव्हर्स येत नाही का?’ याला मी सातवीत बेरीज-वजाबाकी शिकवली होती. त्यातली वजाबाकी तो साफ विसरलाय. मग त्यानं तसंच पुढं काढायचं ठरवलं. मोळीतून सुटलेला एक ऊस माझ्या आरशात अडकला आणि ट्रॉलीबरोबर आरसाही निघाला. आई काच वर करून रामरक्षा म्हणत होती. बुलेटवाल्यानं तेवढ्यात त्याच ट्रॉलीतला एक ऊस उपसला आणि दातानं सोलायला घेतला. चाळीस मिनिटं गेली. दुधाच्या टेम्पोवाल्यानं तर मला सांगितलं, की बायकांनी या रस्त्यानं गाडी आणूच नये. मग आणायची कुठून? पाटातून?

वजनाची फिकीर करू नका. मे 2025 च्या पावसात पिंपळी-लिमटेकला भराव फुटून पाटाचं पाणी घरांत आणि शेतांत घुसलं, पण ते तिकडं झालं. आपला भराव वेगळ्या मातीचा आहे.

आणि पाळी? ती फक्त पाण्याला असते. तीही काय कडक! दख्खनच्या कालव्यांसाठी विश्वेश्वरय्यांनी शेतांचे गट पाडून पाणी वाटायची ब्लॉक पद्धत आखून दिली, तेव्हापासून कुणाचं पाणी कधी आणि कुठवर, हे आपल्याला तोंडपाठ. रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे वाफ्यात पाणी वळवायला, उठता. वरच्यानं दहा मिनिटं दारं उशिरा मोडलं तर फावडं उगारता, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या दारात जाऊन बसता, सख्ख्या भावाशी बोलणं टाकता. आवर्तन लांबलं तर मोर्चा काढता. आणि त्याच पाटावरच्या पुलावर, दिवसाढवळ्या, समोरची एक गाडी उतरेपर्यंत थांबवत नाही तुम्हाला? अर्धा मिनिट लागतो. मी मोजलाय. रुंद पूल हवा म्हणून निवेदनं देता ती द्या, माझीही सही आहे त्यावर. पण रुंद पुलावर तरी काय करणार आहात? तिथं दोनच्या जागी चार गाड्या अडकवाल. लाज कशी वाटत नाही? पोरांची बस अडकते त्यात, तुमचीच पोरं असतात आत.

डॉक्टर बाराला उठून गेले. आईला आता सोमवारची तारीख मिळाली आहे. सोमवारी सकाळी नऊला मी पुलावर येईन, उजव्या बाजूला आरसा नसलेली पांढरी गाडी. दिसले की पलीकडंच थांबायचं. ट्रॅक्टरवाल्या, तूसुद्धा.