डिजिटल डिलेने गिटारचा मूळ आवाज बिघडतो का? एक खुलासा

डिले म्हणजे वाजवलेला आवाज थोड्या वेळाने प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारं गिटारचं पेडल. ‘डिजिटल डिले जोडला की गिटारचा मूळ आवाजही डिजिटल होतो, त्याचा जीव जातो; घ्यायचा तर अ‍ॅनालॉगच घ्या’ असं नवशिक्यांना सर्रास सांगितलं जातं. हे सरसकट खरं नाही. अनेक डिजिटल पेडल्समध्ये मूळ सिग्नल अ‍ॅनालॉग मार्गानेच, म्हणजे आकड्यांत न बदलता, पुढे जातो; आकड्यांत रूपांतर होतं ते फक्त प्रतिध्वनींचं. बॉस कंपनीच्या १९८३ सालच्या डीडी-२ या डिले पेडलमध्येही हीच रचना होती.

काही पेडल्स मूळ सिग्नलही रूपांतरित करतात, हे मान्य. पण त्यात जाणारे एक-दोन मिलिसेकंद वाजवताना जाणवत नाहीत. खरी अडचण अ‍ॅम्पच्या समांतर इफेक्ट्स लूपमध्ये येते, म्हणजे जिथे मूळ सिग्नल एका वाटेने आणि पेडलमधून आलेला दुसऱ्या वाटेने येऊन एकत्र होतात. तिथे हा किंचित उशिरा आलेला सिग्नल मूळ सिग्नलमध्ये मिसळतो, काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खोडतात आणि आवाज पोकळ होतो. अशा लूपसाठी ‘किल ड्राय’ची (मूळ सिग्नल बंद करून फक्त प्रतिध्वनी बाहेर सोडण्याची) सोय असलेलं पेडलच घ्या.

आवाज गढूळ वाटण्याचं कारण बहुधा वेगळंच असतं: डिले डिस्टॉर्शनच्या (आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या इफेक्टच्या) आधी जोडलेला असतो, त्यामुळे प्रतिध्वनीही विकृत होऊन एकमेकांत मिसळतात. आधी ती जागा बदला, मग मिक्स (प्रतिध्वनींचं प्रमाण) आणि फीडबॅक (प्रतिध्वनी किती वेळा परत येतात ते) कमी करून ऐका. पेडल विकायचा विचार त्यानंतर.