कुंडी बदलल्यानंतरचे पाच ‘नियम’

जून लागला की बडोद्यातल्या बागवाल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. त्यातली एक दांडिया बाजारातली माझी आत्या, “बघ रे, तुझ्या कामाचं आहे” असं वर लिहून. बोन्सायची कुंडी बदलली की मुळांसाठी काय करायचं, त्याचे पाच नियम: तळाशी खडीचा थर द्या, कापलेल्या मुळांना हळद फासा, लगेच बी-वन व्हिटॅमिनचं पाणी पाजा, आठवड्याभरात शेणखत घाला, ताकद येते, आणि महिनाभर झाड सावलीत ठेवून दोन्ही वेळा पाणी घाला. यातली सावली तेवढी बरोबर आहे.

खडीपासून सुरू करतो, कारण ही समजूत सगळ्यात चिवट. खाली दगड म्हणजे पाणी भराभर निघून जाणार, असं वाटणं साहजिक आहे. मलाही कित्येक वर्षं वाटत होतं. भांडी घासायचा लांबट स्पंज घ्या, पाण्यात बुडवा आणि न पिळता आडवा धरा. टपटप थांबली की तोच उभा करा. परत पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, पाणी तेवढंच, फक्त उंची वाढली. कुंडीतही पाणी निथळून झाल्यावर तळाशी मातीचा एक पट्टा गच्च ओला राहतोच. त्याची जाडी ठरते मातीच्या कणांवर. कुंडी उथळ असली म्हणून तो पट्टा पातळ होत नाही. आता बोन्सायचा ट्रे असतो जेमतेम दोन-अडीच इंच खोल. त्यात अर्धा इंच खडी घातली, तर बारीक मातीतलं पाणी वरची माती गच्च भिजेपर्यंत खडीत उतरतच नाही. म्हणजे तो ओला पट्टा अर्धा इंच वर सरकला, थेट मुळांत. निचरा हवा तर सगळं मिश्रणच भरड करा. मी विटांचा चुरा, ओरसंग नदीची जाड रेती आणि मूठभर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेतो. कण साधारण 3 ते 5 मिलिमीटरचे, आणि चाळणीतून खाली पडलेली धूळ सरळ बागेत. तळाच्या भोकांवर जाळी पुरे.

हळदीबद्दल आत्याचा फोनच आला. “अरे, माणसाच्या जखमेला चालते ना?” म्हटलं, आत्या, तुझ्या बोन्सायच्या वडाला त्याचा स्वतःचा चीक आहे. मूळ कापलं की पांढरा चीक येतो आणि वाळून काप बंद करतो. कात्री धारदार आणि स्वच्छ हवी, मूळ चेचायला नको, एवढंच बघ. हळद वरणात घाल.

बी-वनची गोष्ट मात्र खरोखर गंमतीची आहे, कारण तिचं मूळ खऱ्या विज्ञानात आहे. 1930च्या दशकात कॅलिफोर्नियात जेम्स बॉनर यांनी वाटाण्याची मुळं रोपापासून तोडून काचेच्या भांड्यात वाढवली. थायमिन, म्हणजे बी-वन, मिळालं की ती वाढत. बातमी बाहेर पडली आणि अमेरिकेतल्या बागवाल्यांनी बाटल्यांवर उड्या घेतल्या. पण तोडलेलं मूळ वेगळं आणि पानं असलेलं झाड वेगळं. झाड थायमिन आपल्या पानांत स्वतःच बनवतं आणि मुळांकडे पाठवतं. काही वर्षांतच बॉनर यांना स्वतःलाच अख्ख्या रोपांवर फायदा दिसेनासा झाला. बाटली मात्र आजही खपते. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा, कधीकधी आत ऑक्सिन, म्हणजे मुळं फुटायला लावणारं संप्रेरकही असतं. मुळं फुटायला मदत झालीच तर ती त्याची, आणि श्रेय जातं बी-वनला.

शेणखताचा धडा मी एक झाड घालवून शिकलो. नर्सरीतून हौसेने आणलेला वड, मुळं कापून नव्या ट्रेमध्ये लावला आणि आठव्या दिवशी ओंजळभर अर्धकच्चं शेणखत वर पसरलं. पंधरा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या. उपसून बघितलं तर मुळं काळपट, बोटात धरली की साल मोज्यासारखी सुटून यायची, आणि वास नाल्याचा. पाणी शोषायचं काम मुळांच्या टोकाजवळच्या नाजूक केसांचं, आणि तेच कात्रीखाली गेलेले असतात. त्यात खताचे क्षार आले की मातीतलं पाणी ओढून घेणं आणखीच अवघड होतं. नवी पानं उघडायला लागेपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, खताला हात लावू नका.

रोज दोन वेळच्या पाण्याचंही तेच. मुळं कमी झाली, पाणी कमी ओढलं जातं, त्यात जूनअखेरची दमट हवा. मुळांना हवाही लागते. देवापुढे जळून उरलेली उदबत्तीची काडी ट्रेमध्ये कडेला खुपसून ठेवा. सकाळी उपसून बघा, ओली असेल तर पाणी नको. पानांवर फवारा मारलात तर हरकत नाही.

एवढ्या नियमांत जे सगळ्यात आधी हवं होतं तेच मेसेजमध्ये नाही: झाड कुंडीला बांधणं. नवी मुळं फुटतात ती पांढरी, शेवईहून बारीक, नखाने तुटतील अशी. वारं सुटलं की झाड डुलतं आणि प्रत्येक झोक्याला ही टोकं मोडतात. वर पानं हिरवी दिसतात, त्यामुळे महिनाभर पत्ताच लागत नाही. म्हणून लावण्याआधीच तळाच्या भोकांतून ॲल्युमिनियमची तार घ्यायची, मुळांच्या गड्ड्यावरून आडवी आणायची आणि पक्कडीने पिळून घट्ट करायची. तार सालीत रुतेल तिथे मध्ये रबराचा तुकडा.

परवा आत्याच्या वडाला मी अशीच तार बांधून दिली. खोड धरून हलवलं तर ओट्यावर झाडासकट ट्रे सरकला. खत ती दिवाळीआधी घालणार नाही म्हणाली आहे. बी-वनची बाटली मात्र अजून कपाटात आहे.