प्रत विकत घेतली, कापायचा हक्क नाही

‘डिस्क माझ्या पैशाची, मग त्यातलं नको ते कुणाकडूनही कापून घेईन’ हे सिनेमातली नकोशी दृश्यं कापून घेण्याच्या बाजूने लिहिलेल्या लेखातलं वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण अमेरिकेत ते कोर्टात टिकलेलं नाही. सिनेमातली नकोशी दृश्यं आणि शिव्या कापून त्या प्रती लोकांना देणाऱ्या क्लीनफ्लिक्ससारख्या कंपन्यांचा युक्तिवाद जवळपास हाच होता: प्रत्येक कापलेल्या प्रतीमागे एक मूळ प्रत विकत घेतलेली आहे, मग निर्मात्याचं नुकसान कसलं? २००६ साली कोलोरॅडोच्या फेडरल कोर्टाने तो फेटाळला. नवी प्रत काढून वाटणं हेच कॉपीराइटचं उल्लंघन ठरलं.

लेखात २००५ चा फॅमिली मूव्ही अ‍ॅक्ट मात्र सुटलाय. त्यानुसार घरातल्या माणसाच्या सांगण्यावरून, अधिकृत प्रत चालू असताना, थोडा भाग गाळता किंवा म्यूट करता येतो. बदललेली कायमची प्रत बनवायची नाही. असा फिल्टर मी मुलांसाठी काही दिवस वापरला. शिवी गायब, ओठ हलतायत, आणि धाकट्याचा लगेच प्रश्न: ‘आता काय म्हणाला तो?’ कायद्यात बसतं, पण उत्सुकता दुप्पट होते त्याचं काय! तरी हा मार्ग मला पटतो, कारण दिग्दर्शकाची मूळ प्रत जशीच्या तशी राहते.