लाल ठिपक्यांच्या त्या विमानाबद्दल

लाल ठिपक्यांनी भरलेल्या विमानाचं चित्र सोशल मीडियावर पुन्हा फिरतंय; ठिपके म्हणजे परतलेल्या विमानांवर गोळ्या लागलेल्या जागा. म्हणे, दुसऱ्या महायुद्धात गणितज्ञ अब्राहम वाल्ड यांनी ते अमेरिकी लष्करापुढे ठेवलं आणि सांगितलं, चिलखत ठिपके नसलेल्या जागी लावा. तसं नाही. चित्र अलीकडचं आहे, ठिपकेही कल्पित. वाल्ड यांची १९४३ची टिपणं म्हणजे निव्वळ गणित: परतलेल्या विमानांवरच्या माऱ्यावरून न परतलेल्यांचा अंदाज कसा बांधायचा. मुद्दा मात्र खरा. वर्मी मार बसलेली विमानं मोजणीला तळावर येतच नसत. बी-१७ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानात साधारण दहा जण असत. काही पॅराशूटने उतरून युद्धकैदी होत, बाकीचे विमानासोबत जात. इंग्लंडहून उडणाऱ्या अमेरिकेच्या एकट्या आठव्या हवाई दलाचे २६ हजारांवर लोक मृत्युमुखी पडले. व्हायरल पोस्टमध्ये त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.