खिडकीचे साडेतीनशे रुपये

परवा शनिवारी भाचीच्या साखरपुड्याला मुंबईहून कोल्हापूरला विमानाने गेलो. खिडकीसाठी वेगळे साडेतीनशे रुपये भरले होते. हे आधीच सांगतो, कारण ते अजून पोटात दुखतंय.

डोंबिवलीहून विमानतळाला पोचायला दोन तास दहा मिनिटं लागली. त्यावर आज बोलत नाही.

माझ्या खिडकीत सत्तरीचे एक काका आधीच बसलेले. खिशाला दोन पेनं, मांडीवर डायरी, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं. "बसा की हिकडं. मला जरा टायमिंग घ्यायचंय." एस.टी.त छत्तीस वर्षं, शेवटची अकरा कंट्रोलर म्हणून. जन्मभर ज्याने गाड्या 'सोडल्या', त्याला उठवायची हिंमत माझ्या तोंडाला झाली नाही. बसलो मधल्या वाटेकडेला, ट्रॉलीचे धक्के खात.

"मुंबई-कोल्हापूर अंतर किती, सांगा बघू?"

"३८०?"

"ते रस्त्यानं. सरळ रेघ मारली की ३०९. आन् हे पंख्याचं विमान ताशी ५०० नं जातंय. म्हंजे ३७ मिनिटं. तिकिटावर किती हाय?"

मी मुकाट्याने तिकीट काढलं. एक तास पाच मिनिटं.

"मग २८ मिनिटं गेली कुठं?"

असं विचारलं, की जणू मीच ती हँडबॅगेत भरून पळवतोय. त्यांनी हाच प्रश्न एअर होस्टेसला विचारला. तिने हसून पट्टा बांधायला सांगितलं. काकांनी डायरीत लिहिलं: 'समाधानकारक खुलासा नाही.'

मला शहाणपणा सुचला. म्हटलं, काका, विमानाची वेळ ते उडाल्यापासून नाही, जागेवरून हललं की मोजतात, ती पलीकडे जाऊन थांबेपर्यंत. चढता-उतरताना वेग कमी असतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. रांग लागते.

"म्हंजे डेपोतनं गाडी फलाटाला लावायचा येळ पण प्याशिंजरच्या बोडक्यावर? आम्ही असं केलं असतं तर चार्जशीट!"

तेवढ्यात कॅप्टन म्हणाले, आपला नंबर सातवा. आमच्या पुढे सहा विमानं, आत गरमी, बाहेर वाकोल्याची पत्र्याची छपरं, आणि मी मान वाकडी करून काकांच्या कानाच्या पाळीवरून ती बघतोय. साडेतीनशे रुपये!

अखेर विमान उडालं. आणि काका झोपले. झोपले म्हणजे काय, पेन उघडं, तोंड उघडं, डोकं माझ्या खिडकीला टेकलेलं. सह्याद्री, नद्या, जे काही खाली असेल ते सगळं त्यांच्या टकलामागून कोल्हापूरपर्यंत सरकत गेलं.

उजळाईवाडीला चाकं टेकली, विमान थांबलं आणि घोषणा झाली: आपण नियोजित वेळेच्या ४ मिनिटं आधी पोचलो आहोत. मला खरा राग इथे आला. वेळापत्रकात आधी मिनिटं पेरून ठेवायची, त्यातलीच चार परत करायची आणि वर टाळ्यांची अपेक्षा! वाण्याने वजनात मारलेली डाळ चिमूटभर वर टाकावी, तशी. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्यासुद्धा.

काका दचकून जागे झाले. घड्याळ पाहिलं, डायरी पाहिली. रकाना कोरा.

"काय ओ, उचललं किती वाजता?"

९ वाजून ४१ मिनिटांनी. मला पक्कं आठवत होतं.

"लक्ष नव्हतं," मी म्हटलं आणि वरची बॅग काढायला उठलो.