कॉकपिटमध्ये साचलेल्या पाण्याबाबतच्या तक्रारीस उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्याकडील देखभालीनंतरच्या पहिल्याच फेरीत, आग्वादकडे जाताना, आपल्या २२ फुटी शिडाच्या होडीच्या कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या बाजूच्या बसायच्या खोलगट जागेत, घोटाभर पाणी आले, निचऱ्याचे पाईप आमच्या कारागिरांनी उलटे जोडले आणि चांगले व्हॉल्व्ह (होडीच्या तळाशी हे पाईप बंद करायच्या तोट्या) काढून महागडे बसवले, अशा तीन तक्रारी आपण केल्या आहेत. निचऱ्याच्या भोकांना बुचे मारल्यावर पाणी थांबले, तेव्हा इतरांनीही तसेच करावे, असेही आपण लिहिले आहे. हा सल्ला धोक्याचा असल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

कॉकपिटमधले पाणी पंपाने नव्हे, केवळ उताराने बाहेर जाते, आणि त्यासाठी कॉकपिटची जमीन बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असावी लागते. आपली होडी रिकामी असताना हे अंतर जेमतेम चार बोटे भरते. आपणच जोडलेल्या छायाचित्रात पाच जण कॉकपिटमध्ये बसलेले आहेत, मागच्या कप्प्यात बर्फाची पेटी व जादा बॅटरी आहे आणि वराम्यावर, म्हणजे होडीच्या मागच्या टोकावर, इंजिन आहे. एवढ्या भाराने वरामा खाली बसला, भोके पातळीखाली गेली आणि नदीचे पाणी त्याच पाईपांतून वर चढले. दोन माणसे पुढे बसवली असती आणि बॅटरी मधल्या भागात हलवली असती, तर बहुतेक पाणी आल्या वाटेने परत गेले असते.

पाईपांची जोडणी मुद्दामच तशी आहे. कॉकपिटमधले डावीकडचे भोक उजवीकडच्या बाहेरच्या तोंडाला आणि उजवीकडचे डावीकडच्या तोंडाला जोडलेले असते, कारण होडी वाऱ्याने एका अंगाला कलली की त्या बाजूचे बाहेरचे तोंड खोल बुडते. पाईप सरळ असेल तर समुद्राचे पाणी थेट आत येते, आणि तिरपा नेला असेल तर ते दुसऱ्या, उचललेल्या बाजूच्या भोकापर्यंत चढू शकत नाही. यात निचरा किंचित मंदावतो, हे खरे. पण कललेल्या होडीत पाणी शिरण्यापेक्षा ते कितीतरी परवडते.

आता व्हॉल्व्हविषयी. जुने व्हॉल्व्ह पितळेचे होते. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते आणि वरून धडधाकट दिसणारा धातू आतून ठिसूळ होतो. पाना लावून पहिलाच अर्धा फेरा दिला तेव्हा एका व्हॉल्व्हचे नळकांडे बिस्किटासारखे तुटले, आणि तुटलेल्या कडेला पिवळ्याऐवजी तांब्यासारखा गुलाबी रंग होता. हे भर समुद्रात घडले असते तर होडीच्या तळाला उघडे भोक पडले असते. म्हणून आम्ही ब्राँझचे व्हॉल्व्ह बसवले आणि प्रत्येक जोडावर स्टेनलेसच्या दोन-दोन क्लिपा आवळल्या. त्याआधी आपल्याला फोन करून होकार घेतला होता.

बुचांबद्दल मात्र हात जोडून विनंती आहे. कॉकपिट आणि बाकांवर मिळून सुमारे ३ चौरस मीटर जागेत पाऊस पडतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि गोव्यात तो काही अपूर्व नाही, तर ३०० लिटर पाणी, म्हणजे तीन क्विंटल वजन, वराम्याकडे साचते. मग ते केबिनच्या उंबऱ्यावरून आत जाते. मांडवीत नांगरून ठेवलेली आणि कोणी नसलेली होडी बुडायला तेवढे पुरते.

‘गोव्यात शिडाच्या होड्यांचे काम कोणाला कळत नाही’ हे आपले वाक्य मनाला लागले. पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या दोन्ही नौका याच मांडवीच्या दिवाडी बेटावर बांधल्या गेल्या आहेत.

आपले जुने व्हॉल्व्ह आमच्याकडे ठेवलेले आहेत. ते पाहून जावे. त्या दिवशीची मंडळी आणि सामान घेऊन भरतीच्या वेळी धक्क्यावर यावे; भार कुठे हलवला की पाणी किती उतरते, हे आपल्यासमोर विनामूल्य मोजून दाखवू. परतीचा पाऊस अजून संपलेला नाही, तेव्हा बुचे आजच काढावीत आणि भोकांवरच्या जाळ्यांत अडकलेली पाने साफ करून घ्यावीत.